पिल्लू झोकांड्या खातंय, कधीपासून?

(सामुदायिक रेडिओवरून प्रसारित झालेलं भाषण)



मागच्या महिन्यात गटांच्या बैठकांमधून जे प्रश्न आमच्याकडे आले, त्यांत शेळ्याकोंबड्यांचे नेहमीचे प्रश्न होतेच. पण एक प्रश्न वेगळा होता, आणि तो वेगवेगळ्या गावांतल्या तिघीचौघींनी विचारला. मांजरी माळ्यावर व्याली. चार पिल्लं झाली. तीन पिल्लं धान्याच्या पोत्यांवर उड्या मारायला लागली, चौथं मात्र ताडी प्यायल्यासारखं चालतं. पाय फाकवून उभं राहतं, दोन पावलं टाकली की कलंडतं. ताटलीत तोंड घालायला गेलं की मान थडथड हलते आणि नाकच बुडतं. घरातली मोठी माणसं म्हणतात, पिसाळलंय, पोत्यात घाला आणि ओढ्यापलीकडे सोडून या. मुलं पिल्लाला सोडायला तयार नाहीत. मग करायचं काय?

मांजराच्या पिल्लाचा प्रश्न म्हणून तो हसण्यावारी नेऊ नका. इथे चूक दोन्ही बाजूंनी होते. एखाद्या घरात अगदी निरुपद्रवी पिल्लू पोत्यात बांधून शिवारात टाकलं जातं आणि उपाशी मरतं. दुसऱ्या घरात खरोखर पिसाळलेलं पिल्लू 'लहान आहे, बावरलंय' म्हणून लेकराच्या मांडीवर बसतं. म्हणून आज हा विषय सविस्तर घेतला आहे.

आधी तोल म्हणजे काय ते बघू. डोक्यावर एकावर एक दोन हंडे घेऊन तुम्ही विहिरीवरून येता, तेव्हा तुमच्या शरीरात तीन कामं एकदम चाललेली असतात. कानाच्या अगदी आत, ऐकण्याच्या जागेशेजारी, पाण्यासारखा द्रव भरलेल्या बारीक नळ्या असतात. डोकं जरा कललं की तो द्रव हलतो आणि मेंदूला कळतं की आपण कुठे झुकलो. ही गवंड्याची पाणसळ समजा. डोक्याच्या मागच्या भागात लहान मेंदू असतो. पाऊल किती उचलायचं, कुठे थांबवायचं, हात किती लांब न्यायचा, हे माप तो ठरवतो. आणि तिसरं म्हणजे पाठीचा कणा, नसा आणि पायांचे स्नायू. यांनी हुकूम पाळायचा असतो. तिघांपैकी एकाचंही बिनसलं तरी हंडा पडतो.

मांजरात हे सगळं आपल्यापेक्षा कितीतरी तयारीचं असतं. उंचावरून पडलेलं मांजर पायांवरच कसं उतरतं, याचं कोडं शहाण्यासुरत्या माणसांनाही पडलं होतं. फ्रान्समधल्या मारे नावाच्या शास्त्रज्ञानं १८९४ साली पडत्या मांजराचे एकापाठोपाठ फोटो काढून दाखवलं की ते हवेतच आधी पुढचं अंग वळवतं, मग मागचं. ही कला पिल्लाला जन्मतः येत नाही. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यापासून ती यायला लागते आणि सहा-सात आठवड्यांचं होईपर्यंत पक्की होते. म्हणजे तीन आठवड्यांच्या आतलं पिल्लू डुलत असेल तर ते आजारी नाही, ते नुकतं चालायला शिकतंय. आपलं लेकरू वर्षाचं असताना चालतं तसं. तेव्हा घाई करू नका.

पण पिल्लू महिन्याचं झालं, भावंडं पळायला लागली आणि हे मात्र पडतंय, तर एकच प्रश्न आधी विचारा: कधीपासून? पहिल्यापासून असंच चालतं, की काल-परवापर्यंत नीट होतं आणि आता बिघडलं? डॉक्टरही पहिल्यांदा हेच विचारतात. बाकी सगळं या उत्तरावर अवलंबून आहे.

वाईटातली वाईट शक्यता आधी सांगून टाकतो, कारण तिच्यात माणसाचा जीव जातो. काल-परवापर्यंत ठीक असलेलं मांजर किंवा पिल्लू अचानक बदललं असेल तर रेबीज मनात आणलाच पाहिजे. रेबीज म्हणजे पिसाळणं, आणि ते फक्त कुत्र्याला होतं असं नाही. पिसाळलेलं कुत्रं, मुंगूस किंवा कोल्हा चावला तर मांजरालाही होतं, पिल्लालाही होतं. लाडकं मांजर एकाएकी गुरगुरतं, अंगावर येतं. किंवा उलट, कणगीमागे, अंधारात लपून बसतं. आवाज बदलतो, तोंडातून लाळ गळते, गिळता येत नाही, मागचे पाय लुळे पडत जातात. रोज आदल्या दिवसापेक्षा वाईट दिसतं आणि साधारण दहा दिवसांच्या आत मरतं. अशा मांजराला हात लावायचा नाही. जमलं तर लांबून टोपली किंवा पाटी पालथी घाला, वर दगड ठेवा, मुलांना दूर न्या आणि पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा. घशात काही अडकलंय का म्हणून तोंडात बोट घालून बघणं, हे तर अजिबात नको.

आणि मांजर चावलं किंवा त्यानं ओरबाडलं तर? बाहेरून आलेलं असो, घरचं असो, आजारी दिसो न दिसो, जखम लगेच वाहत्या पाण्याखाली साबण लावून पंधरा मिनिटं धुवायची. पंधरा मिनिटं म्हणजे भात शिजायला लागतो जवळपास तेवढा वेळ. दोन तांबे ओतून भागत नाही. आपल्याकडे जखमेवर हळद, चुना, तिखट, तंबाखू लावतात, कुणी रुईचा चीक लावतं. यातलं काही लावू नका, पट्टीही घट्ट बांधू नका. मग सरळ प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा ग्रामीण रुग्णालयात जा. सरकारी दवाखान्यात ही लस मोफत मिळते. पहिली सुई त्याच दिवशी, त्यानंतर पुढच्या तारखा कागदावर लिहून देतात, त्या चुकवायच्या नाहीत. कातडीत देतात त्या लसीच्या तारखा पहिला दिवस धरून पुढे तिसरा, सातवा आणि अठ्ठाविसावा दिवस अशा असतात. दंडात स्नायूत देतात तेव्हा चौदाव्या दिवशीही एक असते. रक्त आलेलं असेल तर जखमेतच वेगळं औषध सोडावं लागतं, ते डॉक्टर ठरवतात. पोटात चौदा सुया घेण्याचे दिवस कधीच गेले, तरी ती भीती अजून आजीच्या तोंडून नातवापर्यंत पोचते आणि मुलं चावल्याचं लपवतात. घरात हे मोकळेपणी बोला. गरोदर बाई आणि अंगावर पाजणारी बाईसुद्धा ही लस घेऊ शकते. तिनं तर आधी घ्यावी. मांजर दहा दिवस बघू आणि मग ठरवू, असं मात्र करायचं नाही. आधी लस सुरू करायची, मांजरावर नजर त्याबरोबर ठेवायची. रोग एकदा माणसात दिसायला लागला की त्यातून वाचवण्याचा उपाय हातात राहत नाही, म्हणून इतकं बजावून सांगतोय.

आता त्या चौथ्या पिल्लाकडे येऊ. ते पहिल्यापासून तसंच आहे. महिनाभरात वाढलेलं नाही, उलट जरासं सुधारलंच आहे. खातं, खेळतं, आवाज दिला की बघतं, भावंडांच्या शेपट्या ओढतं. डोकं शाबूत आहे, फक्त मापं चुकतात. शांत झोपलेलं असताना ते अजिबात थरथरत नाही, पण ताटलीकडे, चेंडूकडे, आईकडे जायला निघालं की मान आणि अंग हलायला लागतं. जितकं जवळ जाईल तितकं जास्त. चालताना पाऊल गरजेपेक्षा उंच उचलतं, परेडमधल्या शिपायासारखं. ही सगळी लक्षणं लहान मेंदूकडे बोट दाखवतात. अशा पिल्लांचा लहान मेंदू पुरता वाढलेलाच नसतो.

कशामुळे? पूर्वी समजत की हा आनुवंशिक दोष आहे, रक्तातच आहे. १९६६ साली अमेरिकेतल्या किलहॅम आणि मार्गोलिस या दोघा संशोधकांनी दाखवून दिलं की यामागे एक विषाणू आहे. तो मांजरांत उलट्या-हगवणीची जीवघेणी साथ आणणारा विषाणू. मांजरांचा पार्व्हो म्हणतात त्याला. कुत्र्यांच्या पिल्लांना पार्व्हो होतो हे तुम्ही ऐकलं असेल, त्याच कुळातला. या विषाणूला भरभर वाढणाऱ्या पेशी लागतात. मोठ्या मांजरात अशा पेशी आतड्यात आणि हाडांच्या मगजात असतात, म्हणून त्याला हगवण लागते. पण मांजरी गाभण असताना, विशेषतः शेवटच्या दिवसांत, तिला लागण झाली तर पोटातल्या पिल्लाच्या लहान मेंदूच्या पेशी नेमक्या त्याच वेळी वाढत असतात. विषाणू त्यांनाच खातो. जन्मल्यावर पहिल्या एक-दोन आठवड्यांत लागण झाली तरी तेच. आई वरून धडधाकट दिसू शकते. एकाच वेतात काही पिल्लं नीट आणि काही डुलणारी, हेही त्यामुळेच. कुणाला लागण झाली, कुणाला नाही.

इथे दोन गोष्टी लक्षात घ्या. जे नुकसान व्हायचं ते होऊन गेलेलं असतं, पुढे ते वाढत नाही. औषधानं ते भरूनही येत नाही, त्यामुळे कुणी ताकदीची सुई म्हणून पैसे मागितले तर देऊ नका. आणि हा विषाणू माणसाला होत नाही. डुलणाऱ्या पिल्लाच्या अंगाला हात लावल्यानं मुलांना काहीही होत नाही, सुनेच्या गर्भालाही त्याचा धोका नाही. नजर लागली, बाहेरचं झालं, ग्रहणात व्याली, यातलं काही कारण नाही.

असं पिल्लू इतर मांजरांइतकी वर्षं जगू शकतं. वाढता वाढता ते आपल्या पद्धतीनं चालायला शिकतं, भिंतीला अंग टेकून वळतं, उडी मारण्याऐवजी नखांनी चढतं. आपण थोडी सोय करायची. शहाबादी फरशीवर किंवा गुळगुळीत टाइल्सवर त्याचे पाय घसरतात, तिथे गोणपाट किंवा जुनी सतरंजी अंथरा. ताटली जड घ्या, म्हणजे डोकं आपटलं तरी कलंडणार नाही, आणि ती विटेवर थोडी उंच ठेवा. पाण्याचं भांडं उथळ हवं. पाण्याच्या टाकीवर, हौदावर झाकण ठेवा. आणि चूल! पेटत्या चुलीशी उबेला बसायची मांजरांना सवय असते, या पिल्लाला तिथे तोल गेला तर सावरता येत नाही. स्वयंपाक चालू असताना त्याला खोक्यात ठेवा. माळ्यावर चढू देऊ नका. कुत्रं मागे लागलं तर ते पळू शकत नाही, तेव्हा रात्री आत घ्या. उंदीर मारायचं काम त्याच्याकडून होणार नाही, ते भावंडांना करू द्या. नर असो मादी असो, मोठं झाल्यावर नसबंदी करून घेतलेली बरी, कारण पडतधडपडत गाभण राहणं आणि पिल्लं सांभाळणं अशा मांजरीला फार जड जातं.

आता त्या घरात पुढे काय सांभाळायचं. हा विषाणू मोठा चिवट आहे. घरात, गोठ्यात, पोत्यांत वर्षभरसुद्धा टिकतो. तेव्हा ज्या घरात पिल्लं डुलणारी झाली किंवा उलट्या-हगवणीनं मेली, तिथे लगेच दुसऱ्याकडून नवं पिल्लू आणू नका. आणायचंच तर आधी लस द्या आणि काही दिवस थांबा. ही लस दोन महिन्यांच्या आसपास सुरू करतात, पुढे दर तीन-चार आठवड्यांनी दोन-तीन वेळा देतात. रेबीजची लस तीन महिन्यांनंतर. गाभण मांजरीला जिवंत विषाणूची लस देत नाहीत, त्यानंही पिल्लांना तोच दोष येऊ शकतो, म्हणून डॉक्टरांना गाभण असल्याचं आधीच सांगा. जागा साबणानं धुऊन वर ब्लिचिंग पावडरचं पाणी टाकून दहा मिनिटं ठेवलं की विषाणू मरतो. वाळल्यावरच मांजरांना आत सोडा. फिनेल मात्र वापरू नका. फिनेल मांजराला विषासारखं आहे. ते पायाला लागतं, मांजर पाय चाटतं आणि पोटात जातं.

दुसरा प्रकार कानाचा. इथे पिल्लू आधी नीट असतं, मग हळूहळू किंवा एका रात्रीत मान एका बाजूला वाकडी होते. त्याच बाजूला ते कलतं, त्याच बाजूला गोल गोल फिरतं. जवळ घेऊन डोळे पाहिलेत तर बुबुळं आपोआप झटके देत एका बाजूला सरकताना दिसतात. त्याला गरगरत असतं, बसमध्ये आपल्याला मळमळतं तसं, म्हणून खात नाही, उलटी करतं. लहान मेंदूच्या पिल्लाची मान हलते पण वाकडी नसते, आणि ते दोन्हीकडे पडतं. कानाचं पिल्लू एकाच बाजूला पडतं. एवढा फरक घरी बसून कळतो. कान उघडून बघा, चहाच्या चोथ्यासारखी काळी घाण दिसली तर कानातल्या बारीक किड्यांमुळे सुरुवात झाली असावी. पिल्लू कान खाजवत राहतं, जखम होते, पू होतो आणि तो आतल्या नळ्यांपर्यंत जातो. किडे एकाकडून सगळ्या पिल्लांना होतात, तेव्हा औषध सगळ्यांनाच लागतं. आपल्याकडे कान दुखला की लसणीचं कोमट तेल घालतात. मांजराच्या कानात ते नको, रॉकेल तर मुळीच नको. आतला पडदा फाटलेला असेल तर जे घालाल ते थेट तोलाच्या जागी जाईल. डॉक्टर पडदा बघून औषध देतात, वेळेवर दिलं तर बरीच पिल्लं सुधारतात. थोडी मान वाकडी कायमची राहिली तरी मांजराला त्याची सवय होते.

तिसरं कारण खाण्याचं, आणि कोकणातल्या मैत्रिणींनी हे कान देऊन ऐकावं. काही जातींच्या कच्च्या माशांत असा पदार्थ असतो, जो ब-एक जीवनसत्त्व मोडून टाकतो. मांजराला रोज फक्त कच्च्या मासळीचा कचराच मिळत असेल तर काही आठवड्यांत त्याच्या मेंदूला हे जीवनसत्त्व कमी पडतं. आधी खाणं सुटतं. मग तोल जातो, डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या दिसतात, मान खाली वाकून हनुवटी छातीला टेकते. पुढे झटके येतात. हे ओळखलं तर मोठी गोष्ट, कारण ब-एकच्या सुया वेळेवर मिळाल्या तर एक-दोन दिवसांत फरक दिसू लागतो. मासळी उकडून घातली की तो पदार्थ निकामी होतो. उलटा प्रकार देशावर दिसतो, दूधभातावर वाढवलेलं पिल्लू. मांजर हे मांस खाणारं जनावर आहे, नुसत्या दूधभातावर ते पोसत नाही. आणि नुसतं मांसच, हाडाविना, घातलं तर चुना कमी पडून हाडं मऊ होतात, मागचे पाय ओढत चालतं. हा तोल जाणं नव्हे, पण दिसायला तसंच वाटतं.

खाण्यावरून एक खरी हकिकत सांगतो. जपानमध्ये मिनामाता नावाचं समुद्रकाठचं गाव आहे. १९५० नंतरच्या काही वर्षांत तिथल्या कोळीवाड्यांतली मांजरं विचित्र वागायला लागली. झोकांड्या खात, गरगर फिरत, झटके येऊन समुद्रात पडत. लोक म्हणत, मांजरं नाचतायत. मग माणसांचे हातपाय थरथरायला लागले, बोलणं जड झालं, लेकरांना चालता येईना. १ मे १९५६ ला हा नवा आजार म्हणून सरकारदरबारी नोंद झाली. चिस्सो नावाच्या कारखान्यातून खाडीत पारा सोडला जात होता, तो मासळीत उतरला होता, आणि मासळी मांजरं व माणसं दोघंही खात होती. कारखान्याच्याच दवाखान्यातल्या डॉ. होसोकावा यांनी १९५९ मध्ये एका मांजराला कारखान्याचं सांडपाणी मिसळलेलं अन्न देऊन पाहिलं, त्यालाही तोच आजार झाला. कंपनीनं ते दडवलं. कारण जाहीरपणे मान्य करायला सरकारनं १९६८ साल उजाडू दिलं. आजारी आयांच्या पोटी, कधी आई वरून बरी दिसत असतानाही, अपंग मुलं जन्मली. गावच्या मांजरांकडे कुणी आधी नीट लक्ष दिलं असतं तर, असं आम्हाला ही हकिकत वाचताना वाटत राहिलं.

आपल्याकडे पाऱ्याचा कारखाना शेजारी नसेल, पण फवारणीचं औषध प्रत्येक घरात आहे. एका आळीतली दोन-तीन मांजरं एकाच आठवड्यात झोकांड्या खायला लागली तर पिल्लांच्या जन्मदोषाचा विचार सोडा आणि काय खाल्लं ते शोधा. विष घातलेले उंदीर, औषध लावलेलं बियाणं, फवारणीचा रिकामा डबा, फवारणी करून आलेल्या माणसाचे कपडे. कीटकनाशकानं तोंडातून लाळेच्या तारा लोंबतात, अंग फडफडतं, हगवण होते, मग झटके. उंदराच्या काळ्या औषधात झिंक फॉस्फाईड असतं, त्यानं पोटात विषारी वायू तयार होतो. अशा मांजराला बंद खोलीत जवळ घेऊन बसू नका, त्याच्या उलटीतून तो वायू तुमच्या नाकात जातो. उघड्यावर न्या.

मांजरांचा एक खास दोष आहे. आपल्या यकृताला जमतं ते बरंच मांजराच्या यकृताला जमत नाही. म्हणून गाई-म्हशींच्या गोचिडांवरचं औषध किंवा कुत्र्याच्या मानेवर लावायचं पिसवांचं औषध मांजराला लावलं की काही तासांत ते थरथरायला लागतं. 'थोडंसंच लावलं' असं म्हणून चालत नाही. पिल्लाला तर थेंबही भारी. लावलं गेलंच असेल तर हातमोजे किंवा प्लास्टिकची पिशवी हाताला बांधून, कोमट पाण्यात भांडी घासायचा साबण घेऊन अंग धुवा, पुसून उबेत ठेवा आणि दवाखाना गाठा. आपल्या तापाची पॅरासिटामॉलची गोळीही मांजराला द्यायची नाही, अर्धीही नाही. ती मांजराचा जीव घेते. तोल गेलेल्या जनावराच्या तोंडात दूध, ताक, मिठाचं पाणी, तेल काहीही ओतू नका. ते गिळत नाही, छातीत उतरतं.

अगदी इवल्या पिल्लाचं एक वेगळं. पंधरा दिवसांचं, महिन्याचं पिल्लू गारठलेलं, लुळं, मान टाकलेलं सापडलं तर बहुतेकदा थंडी आणि उपासमार असते, पोटात जंतही असतात. त्याला आधी ऊब द्या, पोटाशी कापडात धरा, नाहीतर कोमट पाण्याची बाटली कापडात गुंडाळून शेजारी ठेवा. अंग ऊबदार झाल्यावरच बोटानं हिरड्यांना साखरेचं पाणी चोळा. थंड पिल्लाला पाजलेलं पचत नाही.

गरोदर मुलींच्या घरून नेहमी विचारतात म्हणून सांगतो. मांजराच्या विष्ठेतून टोक्सोप्लाझ्मा नावाचा परजीवी पसरतो, तो गर्भाला त्रास देऊ शकतो, आणि पिल्लाचाही तोल कधी कधी त्यानं जातो. पण मांजर त्याची अंडी आयुष्यात थोडेच आठवडे टाकतं, आणि ती अंडी बाधायला निदान एक दिवस लागतो. म्हणून विष्ठा रोजच्या रोज उचला, ती दुसऱ्या कुणी उचला, परसातली माती खुरपल्यावर हात साबणानं धुवा, भाजी नीट धुवा, मटण पूर्ण शिजवा. लेक माहेरी आली म्हणून मांजर घालवून द्यायची गरज नाही.

शेवटी दवाखान्याचं. गावच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात 'इथे मांजर आणता का' म्हणून कुणी हसलं तर लाजू नका, जनावर म्हणून मांजरही तिथे दाखवता येतं. फिरत्या पशुवैद्यकीय पथकासाठी १९६२ हा टोल-फ्री क्रमांक आहे. त्यांचा भर गाई-म्हशींवर असतो, तरी विचारायला पैसे पडत नाहीत. जास्त तपासण्या लागल्या तर परळ, शिरवळ, नागपूर, परभणी आणि उदगीर इथे पशुवैद्यकीय महाविद्यालयं आहेत, त्यांच्या दवाखान्यांत कुत्री-मांजरं बघतात. जाताना पिल्लाला हातात घेऊन एसटीत बसू नका. झाकणाच्या टोपलीत किंवा भोकं पाडलेल्या खोक्यात ठेवा, खाली गोणपाट घाला. विषाचा संशय असेल तर औषधाची बाटली किंवा पुडी पिशवीत घालून सोबत न्या, नाव वाचूनच डॉक्टर उतारा ठरवतात. आणि घरून निघायच्या आधी मुलीकडून मोबाईलवर चित्रीकरण करून घ्या: एकदा पिल्लू चालताना, एकदा ताटलीकडे जाताना, एकदा डोळे जवळून. दवाखान्यातल्या टेबलावर घाबरलेलं पिल्लू एका जागी बसून राहतं आणि डॉक्टरांना काहीच दिसत नाही.